जुन्या खेळाची कैफियत

संगणकावरचा एखादा खेळ कालपर्यंत सुरळीत चालत होता आणि आज चालत नाही, अशी तक्रार उद्भवली की बहुतेकांचा पहिला संशय यंत्राच्या अशक्ततेवर जातो. ग्राफिक्स कार्ड जुने झाले, रॅम अपुरी पडते, आता नवाच संगणक घ्यावा, इथवर मजल जाते. परंतु बंद पडलेल्या जुन्या खेळांचे दप्तर थोडे चाळले, तर त्यांचा घात यंत्राच्या दुर्बलतेपेक्षा त्याच्या प्रगतीनेच अधिक वेळा केला आहे असे दिसून येते.

1981 साली आलेल्या आयबीएमच्या पीसीची गती 4.77 मेगाहर्ट्झ होती, आणि कित्येक खेळकर्त्यांनी घड्याळाकडे न पाहता त्या गतीवरच खेळ बेतले. पुढे वेगवान यंत्रे आली तेव्हा हे खेळ आवरेनात. म्हणून यंत्रावर ‘टर्बो’ नावाची कळ आली, जिचा खरा उपयोग, नाव काहीही असो, यंत्र मंद करण्यासाठीच होई. टर्बो पास्कल या प्रोग्रामिंग-साधनात लिहिलेल्या अनेक प्रोग्रामांची गत याहून चमत्कारिक झाली. आरंभीच 55 मिलिसेकंदांत यंत्र किती फेरे मारते हे मोजून त्या संख्येला 55 ने भागण्याची त्यांत तजवीज होती. 200 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या यंत्रांवर हा भागाकार नेमून दिलेल्या जागेत मावेना, आणि ‘शून्याने भागले’ अशी खोटी फिर्याद नोंदवून प्रोग्राम उंबरठ्यावरच बंद पडे. शून्याचा तेथे संबंधच नव्हता! त्रुटीचा संदेश ही यंत्राची जबानी होय. तिची रुजुवात केल्यावाचून ती ग्राह्य धरू नये.

याहून बोधप्रद मामला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’ या 2005 साली पीसीवर आलेल्या खेळाचा. त्यातील स्किमर नावाचे पाण्यावर उतरणारे विमान विंडोज 11 ची 24एच2 आवृत्ती आल्यावर एकाएकी नाहीसे झाले, आणि युक्तीने ते निर्माण करून कोणी आत बसलाच, तर खेळाडू अकल्पित उंचीवर फेकला जाऊ लागला. दोष अर्थातच विंडोजच्या माथी मारला गेला. 2025 साली एका जाणत्या प्रोग्रामरने चिकाटीने तपास केला, तेव्हा उघड झाले ते असे, की वाहनांची माहिती ज्या फाइलीत आहे तीत स्किमरच्या ओळीत चाकांच्या आकाराचे आकडे लिहिलेलेच नाहीत; कारण याच मालिकेतील आधीच्या ‘व्हाइस सिटी’ या खेळात हे विमान होडी म्हणून नोंदलेले होते आणि होडीला चाके कुठली? आधीचा भाडेकरू विसरून गेलेल्या सतरंजीवर नव्याने बिऱ्हाड मांडावे, तसा हा खेळ आधीच्या ओळीतील टॉपफन व्हॅनचे, मेमरीत उरलेले आकडे वापरून जवळजवळ वीस वर्षे चालला. नव्या आवृत्तीत विंडोजची एक अंतर्गत क्रिया मेमरीची जागा थोडी अधिक वापरू लागली, उरलेले आकडे पुसले गेले, आणि जुनी चूक उजेडात आली. विंडोज निर्दोष सुटली. मला तर हा निकाल फार समाधानकारक वाटतो.

तेव्हा तपास करताना आधी काय बदलले ते पाहावे: विंडोजचे अपडेट आले काय, ड्रायव्हर बदलला काय, कोणता मॉड टाकला काय. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, अन्यथा गुण कशाने आला हे कळत नाही. डॉसच्या काळातील खेळ डॉसबॉक्स या जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामात चालवावा, कारण तेथे गती हवी तितकी उतरविण्याची मुभा असते. सॅन अँड्रियासमध्ये नायक पाण्यात रेंगाळत पोहत असेल, तर फ्रेम लिमिटर, म्हणजे दर सेकंदाला दाखवायच्या चित्रांवरची मर्यादा, बंद तर नाही ना, एवढे पाहिले तरी पुष्कळदा भागते.

खेळ काढून पुन्हा टाकण्याचा उपाय मात्र अखेरीस करावा. आणि तो करण्यापूर्वी सेव्ह फाइलींची प्रत दुसऱ्या फोल्डरात ठेवण्यास विसरू नये, कारण काही खेळांबरोबर त्या फाइलीही पुसल्या जातात.