फुटकी काच आणि पोलीस

गल्लीतला दिवा बंद, कोपऱ्यावर कचऱ्याचा ढीग, पडक्या घरात पत्त्यांचा डाव. अशा जागेवरून अंधारात जाताना आपण सगळ्याच भराभर पाय उचलतो. पण घाण दिसते तिथे गुन्हाही होतोच का? अमेरिकेत यावर चाळीस वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. आज त्याबद्दल बोलू.

१९८२ साली जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी एका मासिकात लेख लिहिला. इमारतीची एक काच फुटली आणि कुणी बदलली नाही, तर बाकीच्याही फुटतात; कारण ‘इथं विचारणारं कुणी नाही’ हे सगळ्यांना कळतं, असं त्यांचं म्हणणं. आधाराला त्यांनी १९६९ चा एक प्रयोग घेतला. फिलिप झिंबार्डो या मानसशास्त्रज्ञाने नंबरप्लेट नसलेली मोटार न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात सोडून दिली. दहा मिनिटांत तिला हात लागले. आणि ते गुंडांचे नव्हेत बरं का! आई, बाप आणि लहान मुलगा आले, रेडिएटर आणि बॅटरी काढून घेऊन गेले.

१९९४ पासून न्यूयॉर्कच्या पोलिसांनी हा विचार जोरात राबवला. विनातिकीट प्रवास, भिंती रंगवणं, रस्त्यावर दारू पिणं, सगळ्यावर धरपकड. गुन्हे खूप घटले, हे खरं. पण सॅन डिएगोसारख्या शहरात अशी धरपकड न करताही ते घटले. आणि जाच झाला तो गरीब, कृष्णवर्णीय वस्त्यांना. २०१४ साली सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून पोलिसांनी एरिक गार्नर यांना धरलं, गळ्याला हाताचा विळखा घातला, त्यात त्यांचा जीव गेला. कशापायी, तर सुट्या सिगारेटी!

शिकागोत संशोधकांनी रस्त्यारस्त्यांचं चित्रीकरण करून पाहिलं. १९९९ साली त्यांनी मांडलं, की घाण आणि गुन्हे ही बहुतेक एकाच मुळाची दोन फळं आहेत. मूळ म्हणजे गरिबी, आणि शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा तुटलेला विश्वास. दुसऱ्याच्या पोराला ‘काय रे, काय चाललंय?’ म्हणून हटकणारं माणूस जिथं आहे, तिथं गुन्हे कमी.

मग साफसफाई वाया जाते का? मुळीच नाही. फिलाडेल्फियात ५४१ ओसाड जागा घेऊन पाहणी झाली. त्यातल्या काहींवरचा कचरा काढला, गवत पेरलं, चार झाडं लावली. २०१८ साली निष्कर्ष आला: सर्वांत गरीब वस्त्यांत अशा जागांभोवती बंदुकीचे गुन्हे २९ टक्क्यांनी घटले. जागेला लाकडी कुंपणही घातलं होतं, पण बुटकं. कुणालाही आत येऊन बसता यावं, जागेकडे लक्ष आहे एवढंच कळावं, म्हणून.