'इन' म्हणजे नेहमीच 'नाही' नव्हे

पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इनफ्लेमेबल' असं लिहिलेलं असतं. इंग्रजीत 'इन' म्हणजे 'नाही', एवढंच शिकलेल्या माणसाने त्याचा अर्थ 'न पेटणारं' असा लावला, तर तो जिवावर बेतू शकतो. म्हणून या उपसर्गाबद्दलचे गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : 'इन' लागला की अर्थ उलटतो.
वस्तुस्थिती : लॅटिनमध्ये 'इन' दोन होते. एक नकाराचा, दुसरा 'आत' किंवा 'वर' या अर्थाचा. 'इनकरेक्ट'मध्ये पहिला आहे, तर आक्रमण करणे या अर्थाच्या 'इन्व्हेड'मध्ये दुसरा. 'इनफ्लेमेबल'मागे 'इनफ्लामारे', म्हणजे पेटवणे, हे लॅटिन क्रियापद आहे. त्यामुळे 'फ्लेमेबल' आणि 'इनफ्लेमेबल' या दोन्हींचा अर्थ ज्वालाग्राही असाच होतो. गोंधळातून अपघात होऊ नयेत म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात 'फ्लेमेबल' वापरण्याचा आग्रह धरला. न पेटणाऱ्या वस्तूसाठी 'नॉनफ्लेमेबल' हा शब्द आहे.

गैरसमज : 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल.
वस्तुस्थिती : इथे 'इन' नकाराचाच आहे, पण नकार किंमत ठरवण्याला आहे. जिची किंमतच करता येत नाही ती वस्तू, म्हणजे आपल्या भाषेत अनमोल. 'इनफेमस'चा अर्थही 'अप्रसिद्ध' नसून 'कुप्रसिद्ध' आहे.

गैरसमज : 'इम', 'इल', 'इर' हे वेगळे उपसर्ग आहेत.
वस्तुस्थिती : ही 'इन'चीच रूपं आहेत. पुढचं अक्षर उच्चारताना जीभ-ओठ जसे वळतात, तसा 'न' बदलतो : इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. 'संत'मधला अनुस्वार आपण 'न्' असा आणि 'संप'मधला 'म्' असा उच्चारतो, त्यामागचं कारणही हेच.

गैरसमज : 'अनहॅपी'मधला 'अन'सुद्धा लॅटिनमधून आला.
वस्तुस्थिती : तो इंग्रजीचा स्वतःचा, जर्मानिक कुळातला. मात्र हा 'अन', लॅटिनचा नकारार्थी 'इन' आणि 'अशक्य', 'अनावश्यक' यांतले संस्कृत 'अ', 'अन्' यांचं मूळ एकाच प्राचीन भारोपीय उपसर्गात आहे.

उपसर्ग पाहून अर्थाचा अंदाज बांधू नका, शब्दकोश उघडा. आणि गोदामात, कारखान्यात, टँकरवर धोक्याची पाटी लावणाऱ्यांनी इंग्रजीसोबत 'ज्वालाग्राही' हा शब्द ठळक मराठीत जरूर लिहावा.