जल, जंगल, जमीन आणि कायदा : आदिलाबादच्या विधी पदवीधरांपुढील वाटा

आदिलाबाद जिल्ह्यात कायद्याची पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला ‘पुढे काय?’ असे विचारले तर उत्तर बहुधा ठरलेले असते : दिवाणी-फौजदारी वकिली, नाहीतर स्पर्धा परीक्षा. पर्यावरण आणि नैसर्गिक संसाधनांचा कायदा हा दिल्ली-हैदराबादच्या मोठ्या न्यायालयांतला विषय आहे, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती मात्र उलट आहे. या कायद्याचे मूळ काम गावात, ग्रामसभेत, तहसील कार्यालयात आणि जनसुनावणीच्या मंडपात होते. ज्याला तेलुगू, मराठी, गोंडी किंवा कोलामी आणि इंग्रजी यांपैकी दोन-तीन भाषा येतात, त्याच्यासाठी हा जिल्हा म्हणजे या कायद्याची उत्तम शाळा आहे. या लेखात त्या कामाची ओळख करून देऊन व्यवसायाच्या वाटा सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी

निजामाच्या राज्यात १९४० साली जोडेघाट येथे कोमरम भीम मारला गेला. त्याच्या लढ्याचे कारण जंगलावरचा आणि शेतीवरचा हक्क हेच होते. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा आजही त्याच्या नावाशी जोडली जाते. त्या उठावानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडून आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करवून घेतला आणि आदिवासींना जमिनीचे पट्टे देण्याच्या योजना पुढे आल्या. म्हणजे या भागात संसाधनांचा कायदा पुस्तकातून आलेला नाही. तो संघर्षातून आला आहे.

आदिलाबादचे मराठीशी नाते जुने आहे. किनवट आणि राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. अंध समाजाची मातृभाषा मराठी आहे आणि परधानांमध्येही मराठी बोलली जाते. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये जुन्या जिल्ह्याचे विभाजन होऊन आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. पुढील विवेचनात या चारही जिल्ह्यांचा परिसर गृहीत धरला आहे.

पहिली वाट : जमीन आणि वनहक्क

या परिसराचा बराच भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. तेथे अनुसूचित क्षेत्र जमीन हस्तांतरण विनियम, १९५९ लागू आहे. तो तेलंगणा भागात १९६३ साली लागू झाला आणि १९७० च्या दुरुस्तीने कडक झाला. अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर आदिवासीच्या नावे करण्याचा व्यवहार या विनियमानुसार मुळातच रद्दबातल ठरतो. विकणारा आदिवासी असो वा नसो. १९९७ साली ‘समता विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. विनियमातील ‘व्यक्ती’ या शब्दात सरकारही येते, म्हणून सरकारलाही अनुसूचित क्षेत्रात खासगी कंपनीला खाणपट्टा देता येणार नाही, असा निर्णय झाला. एका शब्दाच्या अर्थावर शेकडो हेक्टर जमिनीचे भवितव्य ठरले, हे भाषेच्या अभ्यासकांनीही लक्षात घ्यावे असे आहे.

या विनियमाखालील प्रकरणे नेहमीच्या दिवाणी न्यायालयात नव्हे, तर महसुली अधिकाऱ्यांपुढे चालतात. आदिवासी पक्षकारांना वकील हवा असतो. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहणाऱ्या बिगर आदिवासी मराठी कुटुंबांनाही सल्ला हवा असतो. अशा वेळी आपल्याच माणसाला ‘हा व्यवहार टिकणार नाही’ असे स्पष्ट सांगणे हे वकिलाचे कर्तव्य ठरते. खरेदीपूर्वी दिलेला असा सल्ला पुढची वीस वर्षांची कोर्टकचेरी वाचवतो.

दुसरा मोठा कायदा म्हणजे वनहक्क कायदा, २००६. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या व कसणाऱ्या आदिवासींना, आणि तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षे तेथे राहिलेल्या इतर पारंपरिक वननिवासींना, हा कायदा हक्क देतो. वैयक्तिक हक्काची मर्यादा चार हेक्टर आहे. दावा प्रथम ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समितीपुढे आणि शेवटी जिल्हास्तरीय समितीपुढे जातो. दावा फेटाळल्यास कारण लेखी कळवावे लागते आणि त्याविरुद्ध ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. तेलंगणात ज्याला ‘पोडू’ म्हणतात त्या जमिनींचे पट्टेवाटप २०२३ च्या जूनअखेर आसिफाबादहून सुरू झाले. पण त्याने सर्वांचे प्रश्न मिटले असे नाही.

या कायद्याच्या नियमांमध्ये गावातील वृद्धांचे लेखी उतरवलेले निवेदन हा पुरावा मानला आहे. येथेच भाषेचा प्रश्न उभा राहतो. कोलाम वृद्ध आपल्या भाषेत ओढा, देवस्थान, जुने पांदण आणि बापाने तोडलेले शेत यांची खूण सांगतो. ती खूण तेलुगूत लिहिली जाते आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले की इंग्रजीत जाते. दोन भाषांतरांत एखाद्या ओढ्याचे नाव बदलले किंवा ‘कसत होतो’चे ‘गुरे चारत होतो’ झाले, तर दावा कोसळतो. अशी निवेदने नीट ऐकून, तीच वाक्ये राखून, नकाशाशी ताडून लिहिणारा पदवीधर गावाला मिळाला, तर त्याची किंमत मोठ्या वकिलापेक्षा कमी नसते.

सामूहिक वनहक्काचे उदाहरण शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. हक्क मिळाल्यानंतर लिलावाच्या अटी, करारनामे, हिशेब आणि व्यवस्थापन आराखडे ही कामे सुरू होतात. तीही कायद्याचीच कामे आहेत. स्वयंसेवी संस्था आणि ग्रामसभांचे महासंघ यांसाठी विधी पदवीधरांची मदत घेतात.

दुसरी वाट : वाघ, अभयारण्य आणि सल्लामसलत

कवाल व्याघ्र प्रकल्प २०१२ साली घोषित झाला. यवतमाळमधील टिपेश्वर आणि चंद्रपूरमधील ताडोबा येथून वाघ या भागात येतात. त्यामुळे गुरे मारल्याची भरपाई, वनगुन्हे आणि पुनर्वसन अशी प्रकरणे वाढतात. २०२५ च्या मे अखेरीस राज्य सरकारने आसिफाबाद भागात कवाल व ताडोबा यांना जोडणारे कोमरम भीम संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले. आदिवासींच्या विरोधानंतर जुलैमध्ये तो आदेश स्थगित ठेवण्यात आला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६-अ मध्ये असे क्षेत्र घोषित करण्याआधी स्थानिक समाजाशी सल्लामसलत करावी, असे म्हटले आहे. ही सल्लामसलत कोणाशी, कोणत्या भाषेत आणि कशाची माहिती देऊन करायची, हा प्रश्न वाघाच्या बाजूचा आणि गावाच्या बाजूचा अशा दोन्ही वकिलांना सोडवावा लागतो. वाघाला जाण्या-येण्याची वाट हवी आणि गावाला आपल्या जमिनीची हमी हवी. या दोन्ही गोष्टी एकाच मसुद्यात बसवणे हे कायद्याच्या अभ्यासकाचेच काम आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. केवळ विधी पदवीवर भारतीय वनसेवेची परीक्षा देता येत नाही. त्यासाठी विज्ञान, शेती, वनशास्त्र, अभियांत्रिकी अशा ठरावीक विषयांतील पदवी लागते. मात्र वनखात्याची बाजू मांडणारे सरकारी वकील आणि वनगुन्ह्यांचे अभियोक्ते विधी पदवीधरच असतात.

तिसरी वाट : उद्योग, प्रदूषण आणि जनसुनावणी

मंचिर्याल भागात सिंगरेणी कोळसा कंपनीच्या खाणी आहेत, पलीकडे वणी-राजुरा पट्ट्यात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या. सिमेंट आणि कागदाचे कारखानेही याच परिसरात आहेत. मोठ्या उद्योगांना भूसंपादन, पर्यावरण मंजुरी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतिपत्रे आणि खाण बंद करण्याचे आराखडे यांसाठी कायद्याचे जाणकार लागतात. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा वार्षिक अहवाल बंधनकारक केला आहे. त्यामुळेही नोकऱ्यांचे नवे दालन उघडले आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील बऱ्याच कसुरींसाठी तुरुंगवासाऐवजी दंड ठेवला आणि तो ठरवण्यासाठी निर्णय अधिकारी नेमण्याची तरतूद केली. त्यामुळे फौजदारी न्यायालयाबाहेरची वकिली वाढणार आहे.

२००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, आणि अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक किंवा राज्याच्या राजभाषेत द्यावा लागतो. मराठी बोलणाऱ्या सीमेवरच्या गावात यातील ‘स्थानिक भाषा’ या शब्दांचा आधार घेऊन मराठीतून माहितीची मागणी करता येते. असा एक पानी अर्ज वेळेत देणे हेही या व्यवसायातले काम आहे. २०२० साली नव्या अधिसूचनेचा मसुदा इंग्रजी व हिंदीत आला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करण्याचा आदेश दिला होता. त्या २२ भाषांत मराठीही आहे.

चौथी वाट : नदी आणि न्यायाधिकरण

पैनगंगा ही आदिलाबाद आणि महाराष्ट्र यांच्यामधली सीमा. चनाखा-कोर्टा बंधाऱ्याबाबत दोन राज्यांत २०१६ साली करार झाला. गोदावरीवरील बाभळी बंधाऱ्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१३ च्या निकालानुसार बंधाऱ्याची दारे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवावी लागतात. अशा वादांत राज्यांना पाटबंधाऱ्यांचा हिशेब समजणारे आणि जुन्या करारांची भाषा नेमकी वाचणारे विधी सहायक लागतात.

प्रदूषणाच्या तक्रारी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे नेता येतात. सीमेवरची अडचण अशी, की तेलंगणातील प्रकरण चेन्नईच्या पीठाकडे जाते आणि नदीपलीकडच्या महाराष्ट्रातील प्रकरण पुण्याकडे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर शुल्क एक हजार रुपये आहे. मुदती मात्र काटेकोर आहेत : पर्यावरणाच्या वादासाठी सर्वसाधारणपणे सहा महिने, मंजुरीविरुद्धच्या अपिलासाठी ३० दिवस, भरपाईसाठी पाच वर्षे. मुदत हुकल्यामुळे चांगले प्रकरणही हातचे जाते.

तयारी कशी करावी

पदवीनंतर वकील म्हणून नोंदणी करून दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. नोंदणी शुल्क सर्वसाधारण उमेदवारांसाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये यांपेक्षा जास्त घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला. गरीब विद्यार्थ्यांना तो माहीत असायला हवा. न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांना मे २०२५ च्या निकालानंतर किमान तीन वर्षांची वकिली आवश्यक झाली आहे. ती तीन वर्षे जमीन व वनहक्काच्या कामात घालवणे शहाणपणाचे ठरेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर काम केल्यास सुरुवातीचा अनुभव मिळतो. आदिवासी आणि महिला यांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळतो. पर्यावरण कायद्यातील पदव्युत्तर पदविका बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातून दूरशिक्षणाने करता येते.

प्रारंभीची कमाई थोडी असते, हे सांगितलेच पाहिजे. ग्रामसभेचे काम करणाऱ्याला पहिली काही वर्षे दिवाणी दाव्यांची जोड द्यावी लागते.

शिक्षक आणि लेखकांनाही यात वाटा आहे. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचा ‘न्याय व्यवहार कोश’ महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत असावा. वनहक्काचे अर्ज, जनसुनावणीच्या सूचना आणि निकालांचे सारांश सोप्या मराठीत व गोंडीत लिहिण्याचे प्रकल्प विद्यार्थ्यांना द्यावेत. ज्या गावात नोटीस वाचणारा कोणी नसतो, त्या गावाचा हक्क मुदतीच्या तारखेबरोबर संपतो. ती नोटीस वाचून, समजावून, वेळेत उत्तर देणारा माणूस याच जिल्ह्यातून घडायला हवा.