घोंगडी, गादी आणि घुमणारी खोली

पंढरपूर तालुक्यात अभंग गाणाऱ्या गळ्यांची वाण नाही. मोबाइल आल्यापासून करकंबसारख्या गावात घरच्या घरी रेकॉर्डिंगही करता येतं. अडतं ते खोलीपाशी. सिमेंटच्या रिकाम्या खोलीत टाळी वाजवा, आवाज भिंतीभिंतींवर आपटत राहतो. गोलघुमटात हेच ऐकायला आपण तिकीट काढतो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र तो घुमारा शब्द गिळतो.

या घुमाऱ्याचं गणित वॉलेस सबाइन या हार्वर्डच्या प्राध्यापकाने मांडलं. १८९५ मध्ये एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचं काम त्याच्याकडे आलं. जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून तो घुमारा किती घटतो ते मोजत बसे. खोलीचं आकारमान जितकं मोठं तितका घुमारा लांबतो. शोषणारा पृष्ठभाग वाढला की आखडतो. तीन मीटर लांब-रुंद-उंच रिकामी खोली, भिंती तीन टक्के आवाज शोषतात असं धरलं, तर घुमारा सुमारे २.७ सेकंद टिकतो. त्यात सत्तर टक्के शोषणारं आठ चौरस मीटर आवरण लावलं की तो ०.६ सेकंदावर येतो.

आवरण कशाचं? अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांचा लौकिक फुकाचा आहे. सोपी परीक्षा: वस्तू तोंडाशी धरून फुंका. हवा अडखळत पार गेली तर ती कामाची. सच्छिद्र वस्तूत हवेचे कण घासतात आणि ध्वनीची ऊर्जा उष्णता होते. आपली लोकरी घोंगडी या परीक्षेत पहिली येते.

पण ती भिंतीला चिकटवून टांगू नका. भिंतीला टेकलेल्या हवेचे कण जवळजवळ हलतच नाहीत. सर्वाधिक हलतात ते पाव तरंगलांबीवर. १००० हर्ट्झला ते अंतर साडेआठ सेंटिमीटर, १०० हर्ट्झला तब्बल ८५. पातळ फोम फक्त वरचे सूर खातो आणि पखवाजाची धुम तशीच राहते, ती यामुळेच. म्हणून लाकडी पट्ट्यांची चार इंच खोल चौकट करा, तिच्यात घड्या घातलेल्या घोंगड्या किंवा गोधड्या भरा, वर सुती कापड ताणा आणि भिंतीपासून चार इंच पुढे उभी करा. खर्जासाठी कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या उभ्या करा. खर्जाचा दाब तिथेच साठतो. दिवा, शेगडी मात्र दूर ठेवा.

यातलं काहीही उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी अडवणार नाही. बाहेरचा आवाज रोखायला जड भिंत आणि फटी बुजवलेलं दार लागतं. तेवढा खर्च नको असेल, तर गाव निजल्यावर रेकॉर्डिंग करा.