वाढत्या अंगाचा सदरा

आम्ही चार भावंडे. दोन भाऊ, एक बहीण आणि शेंडेफळ मी. दिवाळीला नवा सदरा यायचा तो थोरल्याला. त्याला आखूड झाला की तो मधल्याकडे जायचा. मधल्याकडून माझ्याकडे. माझ्याकडे येईपर्यंत कोपरांवर ठिगळे पडलेली, गुंड्या तीन रंगांच्या आणि खिसा नावालाच. बहिणीच्या परकर-पोलक्यांचे तसेच. ती आतेबहिणीकडून यायची. पण त्याचे आम्हांला काही वाटत नसे. गावात घरोघर हेच होते.

शिंप्याकडे गेले की वडील एकच सांगायचे, "वाढत्या अंगाचा शिवा बरं का!"

म्हणजे काय, तर सदरा मापापेक्षा मोठा शिवायचा. बाही लांब ठेवून आत दुमडायची. चड्डीच्या पायांतही कापड दाबून ठेवायचे. पोरगे वाढले की आई टाका उसवायची. मग आतले कापड बाहेर निघायचे. ते नव्यासारखे, बाकीचे विटलेले. मधल्या रेघेवरून पोरगे किती वाढले ते सगळ्या गावाला कळायचे.

आईच्या लुगड्याची तऱ्हा निराळी. लुगडे नऊ वारांचे. एक वार म्हणजे तीन फूट. नऊ वार म्हणजे आजचे सव्वाआठ मीटर. 1956 साली कायदा झाला आणि वाराच्या जागी मीटर आला, तरी आपण नऊवारीच म्हणतो. असे लुगडे सगळीकडे सारखे विरत नाही. बसता-उठता जिथे ताण येतो तिथे आधी विरते. मग आई तेवढा भाग कापून काढायची आणि राहिलेले दोन धड तुकडे जोडून शिवायची. याला दंड घालणे म्हणतात. दंड घातला की लुगडे आणखी वर्षभर चालायचे.

पुढे तेही फाटले, तरी फेकायचे नाही. त्याची गोधडी व्हायची, पाळण्याऐवजी झोळी व्हायची, हंड्याखाली डोक्यावर ठेवायला चुंबळ व्हायची. अगदी शेवटी पोतेरे. आणि सगळ्यांत मऊ तुकडे बाळोत्यांसाठी राखून ठेवायचे. नव्या कापडाला खळ असते, ते बाळाला टोचते. शंभरदा धुतलेले सुती कापड मऊ पडते आणि ओल चटकन टिपते. म्हणजे बघा, माणसाचा पहिला कपडा जुनाच असायचा.

1972 साली मोठा दुष्काळ पडला. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. त्या दिवाळीला कुणालाच नवे कापड आले नाही. थोरल्याचा सदरा थोरल्याच्याच अंगावर फाटला, मग खाली काय उतरणार? आई सांजसकाळ एका मोठ्या घरी भांडीही घासायची. तिथल्या बाईंनी तिला एक जुना सदरा दिला. निळा, टेरिकॉटचा. मी हरखलो. असे गुळगुळीत कापड माझ्या अंगाला कधी लागले नव्हते. दुसऱ्या दिवशी तोच घालून शाळेत गेलो.

त्या घरचा मुलगा माझ्याच वर्गात होता. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "अरे, हा तर माझा सदरा! खिशावर शाईचा डाग आहे बघा."

तो काही वाईट मनाने बोलला नसेल. पण वर्ग हसला. मी घरी आलो, सदरा काढून उतरंडीमागे कोंबला आणि दोन दिवस शाळेचे नाव काढले नाही. आईला बहिणीकडून कळले. ती मला काही बोलली नाही, त्या घरीही काही बोलली नाही. बाजाराच्या दिवशी खडीच्या मजुरीतून तिने मांजरपाट आणला. शिंप्याने विचारले, तेव्हा म्हणाली, "वाढत्या अंगाचाच शिवा." त्या वर्षी तिने आपल्या लुगड्याला दुसरा दंड घातला.

शाईचे डाग तर थोरल्याच्या सदऱ्यावरही असायचे. त्याची लाज का वाटली नाही, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगले. भावाचा सदरा मागून घ्यायची गरज नव्हती. तो माझ्या वाट्याचाच होता.

गावात तर कित्येकांच्या वाट्याला आयुष्यभर दुसऱ्याचे उतरलेले कपडेच यायचे. काहींना मढ्यावरचे कापड घ्यावे लागे, आणि वर त्याला त्यांचा 'हक्क' म्हणत! बाईने लुगडे कसे नेसावे हेसुद्धा जातीवरून ठरे. 1927 च्या डिसेंबरात महाडला परिषद भरली होती. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बायकांशी मुद्दाम या विषयावर बोलले. जातीची खूण सांगणारी नेसण सोडा, अंगावरचे ते जड दागिने सोडा, कपडा फाटका असला तरी चालेल पण स्वच्छ ठेवा, असे त्यांनी सांगितले. तिथल्या बायकांनी लगेच नेसण बदलली. साधी निऱ्यांची गोष्ट, पण तिला धीर लागतो.

त्यानंतर पेहराव किती बदलला! माझ्या वडिलांनी जन्मभर धोतर आणि बंडी घातली. भावांनी पाटलोणी घातल्या. आई नऊवारीतच गेली, बहीण सहावारी नेसली, तिच्या मुली पंजाबी ड्रेस घालतात.

कापडही बदलले. टेरिकॉटमध्ये सुताबरोबर पॉलिएस्टरचा धागा असतो. हा धागा खनिज तेलापासून कारखान्यात बनवतात. तो लवकर फाटत नाही, विटत नाही, इस्त्रीही फारशी लागत नाही. म्हणून लोकांनी तो उचलला. पण तो घाम टिपत नाही, जमिनीत कुजतही नाही. तुमच्या अंगावरचे कापड कसले आहे ते पाहायचे असेल तर एक धागा काढून चिमट्याने धरून जाळा. सुताचा धागा कागदासारखा जळून राख होतो. पॉलिएस्टरचा वितळून टणक गोळी होते. चुलीजवळ असे कापड पेटले तर ते वितळून कातडीला चिकटते. तेव्हा स्वयंपाक करताना सुतीच नेसलेले बरे. कापड चिकटलेच तर ओढून काढू नका. भरपूर थंड पाणी ओता आणि लगेच दवाखाना गाठा.

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरी नातू झाला. सुनेला बाळोत्यांसाठी जुने मऊ सुती कापड हवे होते. आम्ही पेट्या उघडल्या, गाठोडी सोडली. कपडे ढीगभर, पण पाणी टिपेल असा एक तुकडा निघेना. शेवटी शेजारच्या आजींकडे गेलो. त्यांनी ट्रंकेतून एक लुगडे काढले. मधोमध दंड घातलेला होता. ते टरटरा फाडून त्यांनी दहा-बारा तुकडे केले आणि माझ्या हातात दिले.

मी ते घेऊन घरी आलो.