रविवारची दाल-बाटी आणि वजनाचा ताळेबंद

गेल्या वर्षी दिवाळीनंतर केलेल्या रक्ततपासणीत माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ निघाली. ६.५ पासून मधुमेह धरतात. म्हणजे मी उंबरठ्यावर उभा होतो. वजन ८४ किलो आणि कमरेचा घेर १०२ सेंटिमीटर. भारतीय पुरुषांचा घेर ९० च्या आत असावा, असा वैद्यकीय संकेत आहे. बँकेतील सारी नोकरी इतरांचे ताळेबंद तपासण्यात गेली. स्वतःच्या देहाच्या खात्यात रोज जमा किती आणि खर्च किती, हे पाहण्याचे मात्र राहून गेले होते.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून एका आहारतज्ज्ञ बाईंकडून तक्ता आणला. सकाळी ओट्स, दुपारी गाजर-बीटची कोशिंबीर, चार वाजता मोड आलेले मूग दह्यासह आणि रात्री साडेआठला पालकाचे सूप. तक्ता वाईट नव्हता. तो आमच्या घरासाठी नव्हता, इतकेच. कंदमुळे आमच्याकडे येत नाहीत, मोडाची कडधान्ये वर्ज्य, कच्च्या दह्याबरोबर मूग म्हणजे द्विदल, चातुर्मासात पालेभाजी बंद आणि सूर्यास्तानंतर चौविहार. हे सर्व वगळल्यावर हाती ओट्स तेवढे उरले. तेच खाऊन मी दीड महिना काढला.

आमच्या घरी दर रविवारी दाल-बाटी होते. मातोश्री ८६ वर्षांच्या आहेत; बाट्या आजही स्वतःच्या हाताने वळतात. पंगतीत मी ओट्सची वाटी घेऊन बसू लागलो आणि तिसऱ्या रविवारी त्यांनी कणीकच मळली नाही. “ज्याच्यासाठी करायचं, तोच खात नाही,” एवढेच म्हणाल्या. तपासणीच्या अहवालापेक्षा हे वाक्य मला अधिक लागले.

तेव्हा ठरवले की पदार्थ सोडण्यापूर्वी त्याचा हिशेब तरी पाहावा. धाकट्या बंधूंच्या किराणा दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा आणला. भाजलेली बाटी भरली ६० ग्रॅम. तीच फोडून, रीतीप्रमाणे तुपात बुडवून काढल्यावर ७८ ग्रॅम. म्हणजे १८ ग्रॅम तूप. एका ग्रॅम तुपाचे जवळजवळ ९ कॅलरी धरले, तर एका बाटीमागे १६० कॅलरी नुसत्या तुपाचे. मी तीन बाट्या खात असे. गहू बिचारा उगाच बदनाम झाला होता!

मातोश्री हा खटाटोप पाहत होत्या. त्यांचे माहेर माळव्याकडचे. म्हणाल्या, “तूप कमी हवं तर बाटी नको, बाफला कर.” बाफला म्हणजे आधी उकळत्या पाण्यात शिजवून, निथळून, मग भाजलेली बाटी. माळव्यात तोही तुपात न्हाऊनच निघतो, ही गोष्ट निराळी. पण मुळात मऊ असल्याने तो तुपाविना घशाला कोरडा लागत नाही. हाताने कुस्करायचा, वर पातळ, गरम पंचमेल डाळ ओतायची आणि सर्वांत शेवटी मोजून एक लहान चमचा तूप, साधारण ५ ग्रॅम. गरम डाळीवर पडल्याने त्याचा सुवास पूर्ण येतो. दोन बाफल्यांवर माझे पोट भरते. चुरमा आता महिन्यातून एकदा.

त्यानंतर घरच्या इतर पदार्थांचेही लेखापरीक्षण झाले. दुकानात चार वाजता येणारे गाठिये आणि शेव: पाकिटावरील छापील आकडे पाहिले, तर १०० ग्रॅमला साडेपाचशे कॅलरींच्या आसपास. त्याऐवजी कोरडे भाजलेले मखाणे किंवा कुरमुरे-डाळे, तेही वाटीने मोजून. दहीवड्याचे वडे मुगाच्या डाळीचे, अप्पेपात्रात थेंबभर तेलावर. दही अर्थातच आधी गरम करून घेतलेले. आमरस राहिला, त्यातील साखर गेली आणि पुरीच्या जागी फुलका आला. येथे मला थोडे हळहळल्यासारखे झाले, हे कबूल करतो.

दोन ठिकाणी फसगत झाली. खाखरा म्हणजे ‘डाएट’, या समजुतीने मी एका बैठकीत पाच-सहा तूप लावलेले खाखरे संपवीत असे. तेवढ्यात दोन फुलके आणि भाजी सहज बसली असती. दुसरा भ्रम गुळाचा. ‘गुळाचे आहे, चालेल’ असे आपल्या समाजात सर्रास ऐकू येते. गूळ आणि साखर यांच्या कॅलरींत नाव घेण्यासारखा फरक नाही, आणि रक्तातील साखरही दोन्हींनी वाढते.

व्यापारी घरांना एक हिशेब सुचवतो. महिन्याचे तेल-तूप माणसांनी आणि दिवसांनी भागून पाहावे. आमच्या पाच माणसांत ७ लिटर तेल आणि २ किलो तूप लागत होते. म्हणजे माणशी रोज ५६ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या आहारात २७ ग्रॅम सुचवले आहे. आम्ही दुप्पट उधळत होतो. आता ३५ वर आलो आहोत.

खरे तर आपल्याकडे याची शिस्त पूर्वीपासून आहे. सहा बाह्य तपांत दुसरे ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणे, आणि चौथे रसपरित्याग. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ कवळांचा आणि स्त्रीचा २८ कवळांचा मानून त्याहून कमी घ्यावे, असे आगमांत आहे. अर्थात तप हे निर्जरेसाठी; वजनासाठी अठ्ठाई करणे आणि पारण्याला मिठाईवर तुटून पडणे, दोन्ही मला पटत नाही. मी फक्त दर मंगळवारी तळलेल्याची, कडा विगईची, बाधा घेतली. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मात्र उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावेच.

आठ महिन्यांत वजन ७७ वर आले, साखर ५.८. घेर अजून ९५ आहे.

मागच्या रविवारी इंदूरहून मामेभाऊ आले होते. त्यांच्या ताटातील बाफले मातोश्रींनी तुपाच्या वाटीत पुरते बुडवले. मग माझ्याकडे वळून तो लहान चमचा भरला, काठावरचे जास्तीचे तूप बोटाने निपटून वाटीत परत टाकले आणि उरलेले माझ्या डाळीवर सोडले.