क्लोरीनला न जुमानणारा

पोहण्याच्या तलावावर उग्र वास आला की आपण समजतो, पाणी चोख आहे. मीही अनेक वर्षे तसेच समजत होतो. वास्तविक घाम आणि लघवीतल्या द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन्स बनतात, त्यांचा तो वास. म्हणजे वास जितका तिखट, तितके पाणी आधीच मळलेले.

तरीही क्लोरीनवर बहुतेक जंतू मरतात. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र मरत नाही. अर्नेस्ट टायझर यांनी १९०७ मध्ये उंदरात या एकपेशीय परजीवीचे वर्णन केले. माणसाला तो बाधतो हे १९७६ मध्ये नोंदले गेले. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिल्वॉकी शहरात नळाच्या पाण्यातून सुमारे ४ लाख लोकांना त्याने जुलाब लावले. दगावलेल्यांत बहुसंख्य एड्सचे रुग्ण होते. धडधाकट माणूस दोन-तीन आठवड्यांत सावरतो; प्रतिकारशक्ती गेलेल्याला तो सोडत नाही.

बाहेरच्या जगात हा परजीवी ४ ते ६ मायक्रॉनच्या जाड कवचात राहतो. क्लोरीनचे लिटरमागील मिलिग्रॅम गुणिले मिनिटे, असा हिशेब तज्ज्ञ मांडतात. यातले ९९.९ टक्के मारायला तो गुणाकार १५,३०० व्हावा लागतो. तलावात लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर साडेदहा दिवस! ई. कोलायला एक मिनिटही पुरते. बाधित माणसाच्या एका शौचातून अशी कोट्यवधी कवचे बाहेर पडतात आणि आजारी पडायला दहाही पुरतात.

आमच्या गावातल्या एका तलावावर मी विचारले, पाण्यात एखाद्या मुलाला जुलाब झाले तर काय करता? ‘पावडर थोडी जास्त टाकतो, तासाभरात पुन्हा सुरू.’ उत्तर प्रामाणिक होते. पण वरचाच हिशेब धरला तर क्लोरीन २० मिलिग्रॅमवर नेऊन तलाव पावणेतेरा तास बंद ठेवावा लागतो. तेही पीएच साडेसातच्या वर नसेल आणि उन्हात क्लोरीन टिकावे म्हणून घालतात ते सायन्युरिक आम्ल पाण्यात नसेल, तरच. ते असेल तर वेळ आणखी वाढतो.

वाळूच्या गाळणीतून ही कवचे सहज निसटतात. आपल्या आज्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवत, तेच तत्त्व इथे उपयोगी पडते: तुरटीसारख्या द्रव्याने बारीक कण एकत्र येऊन त्यांचे पुंजके होतात आणि मग वाळू त्यांना अडवते.

दुसरा उपाय अतिनील किरणांचा. ते कवच फोडत नाहीत, आतला डीएनए बिघडवतात. परजीवी पोटात गेला तरी वाढू शकत नाही. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सेनेका लेक उद्यानात मुलांच्या कारंज्यांचे तेच ते पाणी भूमिगत टाक्यांतून फिरत होते. तीन हजारांवर लोक आजारी पडले आणि त्यानंतर त्या राज्याने अशा कारंज्यांना अतिनील यंत्रणा सक्तीची केली. मात्र किरण पडतात ते नळीतून जाणाऱ्या पाण्यावर. तलावात या क्षणी पोहणाऱ्याच्या तोंडात जाणाऱ्या घोटावर नव्हे.

म्हणून जुलाब झालेल्याने पाण्यात न उतरणे हाच पहिला बंदोबस्त. क्रिप्टोस्पोरिडियमची बाधा असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे, कारण तोवर शौचातून कवचे पडत राहतात. आमच्या तलावाच्या फलकावर टोपी सक्तीची असल्याचे लिहिले आहे, हे नाही.